मयेकर काका, मेन पाडला नव्हता

मयेकर काका,

आपला सर्व्हर काल दुपारी सव्वाचार वाजता सुरू झाला. हे तुम्हाला सांगायला मला सोळा दिवस उशीर झाला आहे. खरे तर उशीर हा शब्दही येथे अचूक नाही, कारण उशिरा निघालेल्या माणसाला पोहोचायचे ठिकाण तरी उरलेले असते.

तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, "सगळं आलं काय?" त्याचे उत्तर मी शेवटी देईन. मधले सांगितल्याशिवाय ते तुम्हाला कळणार नाही, आणि मधले सांगण्याचे मी रुग्णालयात तीन वेळा टाळले आहे.

आपली ओळखच वादाने झाली होती. पुण्याहून एम.एस्सी. करून मी आपल्या भूजल केंद्रात रुजू झाले, तेव्हा कातळावरच्या बेचाळीस विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी हे या केंद्राचे एकमेव धन आहे, एवढेच मला माहीत होते. १९९८ पासून दर दुसऱ्या शनिवारी तुम्ही मोटारसायकलवरून त्या सगळ्या विहिरींवर जात होता आणि काठावरून मोजपट्टी सोडून पाणी किती खाली आहे ते टिपत होता. हे तुमच्या कामाच्या यादीत नव्हते. तुम्ही नेमलेले होता संगणक कक्षासाठी. विहिरी तुम्ही स्वतःहून घेतल्या होत्या, कारण आधीचा मोजणीदार घरी बसून आकडे लिहितो असा तुमचा संशय होता. पहिल्याच दिवशी मी तुमचा सर्व्हर पाहायला आले, तर तुम्ही त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवून डोळे मिटून उभे होता.

"काय करताय?" मी विचारले.

"पंखा बघतोय."

"तापमान पडद्यावर दिसतं की."

"पडद्यावर दिसतं ते त्याला वाटतं ते. हाताला लागतं ते खरं."

मला हे हास्यास्पद वाटले होते. लपवलेही नव्हते.

त्यानंतरच्या तीन वर्षांत मी तुमच्या बहुतेक सवयी मोडीत काढल्या. कागदी वह्या बंद केल्या. जुन्या वह्यांना वाळवी लागलेली तुम्हीच दाखवली होती, त्यामुळे तो वाद मी सहज जिंकले. तुमच्या हातात आकडे साठवणारे छोटे यंत्र दिले. कार्यपद्धती लिहून काढली, दहा पायऱ्यांची. सहावी पायरी अशी होती: नोंदी सर्व्हरवर चढवल्यानंतर हातातील यंत्र पुसून कोरे करावे. तुम्ही ती पायरी वाचून म्हणालात, "पुसायचं कशाला? र्‍हाऊ दे की." मी म्हणाले, दोन ठिकाणी दोन आवृत्त्या राहिल्या की गोंधळ होतो. तुम्ही मान डोलावलीत. तुम्ही मान डोलावलीत की मला वाटायचे, मी पटवून दिले. तुम्ही केवळ वाद थांबवत होता, हे आता कळते.

दोन गोष्टी मात्र तुम्ही सोडल्या नाहीत. एक, दर शुक्रवारी चारच्या सुमारास सर्व्हरची संपूर्ण प्रत दोन टेपांवर घेणे. एक टेप कपाटात, दुसरी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी. घरी ती कुठे ठेवता असे विचारल्यावर तुम्ही निर्विकारपणे सांगितलेत, "तांदळाच्या डब्यात." आपल्याकडच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते आणि तांदूळ ओल ओढून घेतो, हे तुमचे शास्त्र. मी विचारले, "आणि काकू भात कशाचा करतात?" तुम्ही म्हणालात, "वरच्या तांदळाचा. टेप तळाला." पिशवीत गुंडाळलेली, किडीसाठी टाकलेल्या बिब्ब्यांच्या शेजारी.

दुसरी गोष्ट मेनची. ढगात गुडगुडले की उठायचे, सर्व्हर रीतसर बंद करायचा आणि भिंतीवरचा मेनचा खटका पाडायचा. आमच्या सावर्ड्याच्या घरी आजोबाही हेच करीत. त्या काळ्या खटक्यापुढे सगळे घर अंधारात बसून राही. तो अंधार मागे टाकायला मी भौतिकशास्त्र शिकले, असे मी एकदा तुम्हाला ऐकवले होते. एका मे महिन्यात गडबडीत तुम्ही सर्व्हर बंद न करताच खटका पाडलात, यूपीएसची बॅटरी उतरलेली होती, आणि नोंदींची फाइल बिघडली. ती दुरुस्त करायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी सूचना टंकून तिच्याखाली सही केली: सर्व्हरच्या वीजपुरवठ्याचा मुख्य खटका कोणत्याही कारणास्तव कोणीही बंद करू नये. संरक्षक यंत्रणा बसवलेली आहे, अर्थिंग केलेले आहे, असे मी तोंडी समजावले.

"कातळात अर्थिंग उतरतं कुठं मॅडम?" तुम्ही विचारलेत. "मी उन्हाळ्यात त्या खड्ड्यात मीठ-पाणी ओततो म्हणून जरा तरी धरतं."

प्रश्न रास्त होता. मी सूचनेकडे बोट दाखवले. दुसऱ्या दिवशी ती सूचना तुम्ही स्वतः प्लास्टिकमध्ये बंद करून आणलीत आणि खटक्याच्या बरोबर वर चिकटवलीत. सरळ रेषेत, फूटपट्टी लावून. तेव्हापासून तुम्ही मेन पाडला नाहीत. ढग वाजले की खुर्चीत बसून खटक्याकडे पाहत राहायचा.

आता त्या बुधवारचे सांगते.

सोमवारी सकाळी तुम्ही शनिवारच्या फेरीच्या नोंदी सर्व्हरवर चढवल्यात, हातातील यंत्र पुसलेत, आणि दुपारी छातीत दुखते म्हणून तुम्हाला रिक्षातून नेले. बुधवारी दुपारी परतीच्या पावसाचे ढग आले. मी सर्व्हरच्याच खोलीत होते. पहिला गडगडाट लांब होता, दुसरा जवळ. मी उठले, काका. खटक्यापाशी गेले. हात वर केला, आणि समोर माझीच सही होती. स्वतःच्या नियमाला भीतीपोटी अपवाद करणारी शास्त्रज्ञ कसली, असा काहीतरी विचार मनात आला. मी हात खाली घेतला. तिसऱ्या वेळी आवाज आणि उजेड एकाच वेळी आले. सर्व्हरच्या मागच्या बाजूने जळल्याचा वास येऊ लागला आणि पंखा थांबला. तेव्हा मी प्रथमच त्याच्या पत्र्यावर हात ठेवला. हाताला काहीच लागत नव्हते.

सर्व्हरच्या पुरवठादाराचा माणूस दुसऱ्या दिवशी आला आणि पेटी कोल्हापूरला घेऊन गेला. संध्याकाळी फोन आला, एकही डिस्क वाचता येत नाही.

मी घाबरले नाही, असे तेव्हा वाटले. कपाटात टेप होती. टेप वाचणारे यंत्र तुम्ही शुक्रवारखेरीज जोडतच नसल्यामुळे विजेतून बचावले होते. आणि प्रारूपांच्या गणितासाठी मागवलेला नवा मोठा संगणक अजून खोक्यातच होता. त्यावर मी आभासी यंत्र उभे करणार होते. तुम्हाला हे मी पूर्वी समजावले होते: खऱ्या पेटीऐवजी एका संगणकाच्या आत, निव्वळ प्रणालीने रचलेला दुसरा संगणक; त्यात जुना सर्व्हर जसाच्या तसा उतरवायचा. तुम्ही म्हणाला होता, "म्हणजे मशीनच्या पोटात मशीन. आणि ते आजारी पडलं तर हात कुठं लावायचा?"

हिशेब सोपा होता. शुक्रवारी दुपारपर्यंत टेप उतरवायची, सर्व्हर सुरू करायचा, मग रुग्णालयात येऊन तुम्हाला घडलेले आणि सावरलेले एकदमच सांगायचे.

टेप पूर्ण उतरली. यंत्र सुरू केले. काळा पडदा, मग निळा, त्यावर पांढरी अक्षरे: प्रणालीला स्वतःची डिस्क सापडत नाही. असे का होते ते मला ठाऊक होते. सर्व्हर ज्या कार्डाला जोडलेल्या डिस्कवरून आयुष्यभर सुरू झाला, तेच कार्ड तो ओळखतो. नव्या देहात दुसरे कार्ड दिसले की तो गोंधळतो. खरेदीच्या फाइलमध्ये कार्डाचे नाव होते. त्या जातीचे कार्ड मी आभासी यंत्रात निवडले होते. तरीही निळा पडदा. मी दुसरी जात निवडली, त्यासाठी लागणारे भाग हाताने घातले. निळा पडदा. मी तक्ता केला: प्रयत्न, बदल, परिणाम. परिणामाच्या रकान्यात तोच शब्द उतरत गेला.

शुक्रवारी तशीच तुमच्याकडे आले. काकू खिडकीशी बसून पेज गार करीत होत्या. तुमच्या नाकात नळी होती. माझ्याकडे पाहून तुम्ही बोट हलवलेत.

"मशीन चालू हाय ना?"

"चालू आहे," मी म्हणाले.

"परवा लय कडाडलं. मी हितं पडल्या पडल्या मोजत हुतो. तिसरी जवळ पडली." तुम्ही श्वास घ्यायला थांबलात. "मेन पाडलास ना?"

तीन वर्षांत तुम्ही मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. मी 'मॅडम' होते. त्या एकेरी प्रश्नापुढे मला नाही म्हणता आले नाही.

"पाडला."

तुम्ही हसलात. नळी हलली म्हणून काकू रागावल्या. "शिकलीस गो बाय," तुम्ही म्हणालात, आणि काकूंकडे वळून, "बघ, शिकली."

काका, त्या क्षणापासून मी एका कोंडीत सापडले, आणि ती कोंडी मीच रचलेली होती. सर्व्हर नेमका कशावरून सुरू होत होता हे जगात एकच माणूस जाणत होता, आणि त्याला विचारायचे तर आधी कबूल करावे लागले असते की सर्व्हर जळला आहे; म्हणजे मेन पाडला नव्हता. रविवारी मी आले तेव्हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणला होता: सिस्टीम कोणत्या कार्डावर आहे? चिठ्ठी ओढणीच्या गाठीत होती. वीस मिनिटे मी तुमच्या पायांशी उभी होते. विचारले काय, तर पेज घशाखाली उतरते का. सोमवारी पुन्हा आले. तुम्हाला झोप लागली होती. काकू म्हणाल्या, उठवू का? मी म्हणाले, नको, उद्या येते. मंगळवार मी तक्त्यातील सातव्या प्रयत्नात घालवला. बुधवारी सकाळी तुमच्या लेकीचा, स्नेहलचा फोन आला.

मी नेहमी म्हणत असे की चूक मान्य करणे हा विज्ञानाचा पाया आहे. व्याख्यानात हे वाक्य चांगले वाटते.

तेराव्यानंतर काकूंनी मला घरी बोलावले. "हापिसची वस्तू हाय, न्या," म्हणाल्या. स्वयंपाकघरात त्यांनी पत्र्याचा मोठा डबा पुढ्यात ओढला, सूप घेतले आणि तांदूळ उपसू लागल्या. मी मदतीला बसले. तळाशी पिशवी लागली. तुमच्या अखेरच्या शुक्रवारची टेप. वेष्टनावर तुमच्या अक्षरात दिनांक.

"रोज भात काढताना भीती," काकू म्हणाल्या. "चुकून शिजवीन म्हणून." मग हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. सूप पुन्हा हातात घेत म्हणाल्या, "त्या मशीनपायी काय काय केलंनी ह्यांनी! तुम्ही यायच्या आधी एकदा बिघडलं हुतं. नवीन सामान मंजूर व्हायला सहा महिने म्हणे. तर ह्यांनी स्नेहलच्या कंप्यूटरातली डिस्क काढून नेलीनी हापिसात! पोरगी बारावीला. चार दिवस बापाशी बोलली नव्हती."

"कुठली डिस्क?"

"आता मला काय कळतंय? साधी घरची. म्हणाले, मशीनचा जीव हिच्यावर ठेवतो, बाकी पसारा कार्डावर."

मी तांदळातून हात बाहेर काढला. माझ्या तक्त्यात सगळी कार्डे होती. कार्डाविना थेट जोडली जाणारी साधी घरगुती डिस्क नव्हती. सर्व्हरची प्रणाली कोणी घरगुती डिस्कवर ठेवत नाही, म्हणून तो पर्याय मी पहिल्याच दिवशी विचारपूर्वक वगळला होता. तुम्ही ते एका वाक्यात सांगितले असते. नळी असतानाही.

येथे मला तुमच्यावर रागावायचे आहे, आणि रागावायला तुम्ही हवे आहात. नोंद का केली नाहीत? न मोजलेला आकडा लिहू न देणारा माणूस स्वतः बसवलेली डिस्क लिहून ठेवत नाही? खाजगी वस्तू कार्यालयात वापरल्याबद्दल कोणी हटकेल, ही भीती असणार. म्हणजे तुम्हीही एक गोष्ट लपवली होती आणि मीही. तुमची लपवाछपवी सर्व्हर जगवण्यासाठी होती.

निघताना काकूंनी उंबऱ्यापाशी माझा हात धरला. "एक सांगू? जाताना समाधान हुतं त्यांना. दोनदा म्हणाले, पोरीनं मेन पाडलानी. आता काळजी नाय."

मी काय करायला हवे होते, काका? खरे सांगून काकूंकडून ते समाधान काढून घ्यायचे? मी "हो" म्हणाले. तेच खोटे, दुसऱ्यांदा. आता ते त्यांच्या घरात कायमचे राहील आणि मी त्याला हात लावू शकत नाही.

काल मी आभासी यंत्र नव्याने उभे केले. या वेळी सर्वांत साधी डिस्क निवडली. तुमची टेप उतरवली. तांदळाचा एक कण वेष्टनात अडकलेला होता, तो काढून टेबलावर ठेवला. सव्वाचारला सर्व्हर सुरू झाला, निळ्या पडद्यावर न अडकता. मग त्याला एकेक गोष्ट सापडत गेली: नवा पडदा आढळला, नवे नेटवर्क आढळले, नवा माऊस आढळला. तो प्रत्येक गोष्टीची वर्दी देत होता आणि मी प्रत्येक वर्दीला होकार देत होते. बेचाळीस विहिरी आल्या. दहा वर्षे आली. माझा प्रबंध ज्या आकड्यांवर उभा राहायचा आहे, ते सगळे आकडे आले. सवयीने मी पत्र्यावर हात ठेवायला गेले. पत्रा नव्या संगणकाचा होता, त्यातला तुमचा सर्व्हर हाताला लागत नव्हता. तुमचा प्रश्न बरोबर होता.

आता "सगळं आलं काय?" याचे उत्तर. नाही. टेप शुक्रवारची आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तुम्ही शेवटची फेरी केलीत. स्नेहल सांगते, त्या संध्याकाळी तुम्ही घरी येऊन पायरीवरच बसलात, दमलो म्हणालात. बेचाळीस विहिरी मोजून. ते आकडे सोमवारी सर्व्हरवर चढले आणि बुधवारी जळले. हातातील यंत्र कोरे आहे. माझ्या सहाव्या पायरीप्रमाणे तुम्ही ते पुसले होते. मी ते तीन वेळा उघडून पाहिले. वह्या मी बंद केल्या होत्या. आणि त्या शनिवारचे पाणी आता विहिरींत नाही. ते पुन्हा मोजता येत नाही. जगातले कोणतेही यंत्र ते मोजू शकत नाही.

आपला एक वाद अर्धा राहिला आहे. गेल्या जुलैत वाटेतल्या पऱ्याला पूर आला होता म्हणून तुम्ही एका विहिरीवर जाऊ शकला नाहीत, आणि मी आधीच्या व नंतरच्या आकड्यांवरून मधला आकडा काढून भरला. तुम्ही पडद्याकडे पाहून म्हणालात, "हे पाणी मोजलं कुणी?" मी म्हणाले, हे अनुमान आहे, शास्त्रमान्य पद्धत आहे, चूक दोन टक्क्यांच्या आत येते. "मग त्या विहिरीला विचारा, चालेल काय," तुम्ही म्हणालात आणि टेप घेऊन घरी गेलात. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

शनिवारच्या फेरीचे आकडे मी आज काढू शकते. आधीच्या फेऱ्या हाताशी आहेत, पद्धत जवळजवळ तीच आहे. आलेख अखंड दिसेल, परीक्षक विचारणार नाहीत, आणि पावसाळ्याअखेरची ती सर्वांत वरची पातळी प्रबंधाला हवी आहे. दुपारभर मी त्या बेचाळीस मोकळ्या चौकटींसमोर बसले होते. भरल्या असत्या तर तुमची शेवटची फेरी माझ्या गणिताने पुसली गेली असती. रिकाम्या ठेवल्या तर वाचणाऱ्याला वाटेल, त्या दिवशी कोणी गेलेच नाही.

मी चौकटी रिकाम्या ठेवल्या आहेत. शेजारी शेऱ्याचा रकाना असतो, तुम्ही तो कधी वापरला नाहीत. त्यात बेचाळीस वेळा, नक्कल न करता, प्रत्येक विहिरीपुढे वेगळे टंकले:

मोजले होते.